सांधे, प्रतिकृती रेल्वेमार्गावरील

सांधे, प्रतिकृती रेल्वेमार्गावरील : लहान प्रमाणावर तयार केलेल्या चालत्या प्रतिकृती रेल्वेत गाडीला एका मार्गावरून दुसऱ्या मार्गावर नेण्यासाठी वापरण्यात येणारी रूळरचना. प्रत्यक्ष रेल्वेप्रमाणेच येथेही सांधा हा मार्गाचा सर्वांत नाजूक भाग असतो. इतरत्र चाकाला अखंड रुळाचा आधार मिळतो. सांध्यात मात्र रुळांचे सातत्य खंडित झालेले असते, काही भाग हलते असतात आणि दोन रुळांतून वाहणारा विद्युत् प्रवाह एकमेकांना छेदून जातो. त्यामुळे गाडी घसरणे, मध्येच थांबणे, विद्युत् मंडल संक्षिप्त होणे (प्रवाहाने नेहमीचा मार्ग सोडून अल्परोधी मार्गाने जाणे) हे प्रतिकृती रेल्वेतील बहुतेक दोष सांध्यांजवळ आढळतात. हे दोष पुष्कळदा सांधा निकृष्ट असल्याने नव्हे, तर तो उरलेल्या मार्गाशी, चाकांशी किंवा विद्युत् योजनेशी विसंगत असल्याने निर्माण होतात. रूळ फळ्यांवर पक्के बसवून त्यांभोवती खडी चिकटविल्यानंतर सांधा बदलणे अवघड व खर्चाचे असते. म्हणून सुसंगत सांध्यांची निवड आराखड्याच्या वेळीच करावी लागते.

रचना व संज्ञा : साध्या सांध्यात दोन बाहेरचे अखंड मूळ रूळ, त्यांच्यामधील निमुळत्या टोकांचे दोन जिव्हारूळ आणि जेथे आतील दोन रूळ एकमेकांना छेदतात तो भाग, असे तीन घटक असतात. या छेदभागाला ‘फ्रॉग’ म्हणतात. भारतीय रेल्वेत त्यास ‘क्रॉसिंग’ ही संज्ञा आहे. दोन्ही जिव्हारूळ जोडदांडीने एकत्र बांधलेले असून ती सरकविली म्हणजे एक जिव्हारूळ मूळ रुळाला चिकटतो व दुसरा दूर होतो. चाकाच्या आतील बाजूस जी उभी कड असते तिला कंगोरा म्हणतात. हा कंगोरा छेदभागातून पलीकडे जावा यासाठी रुळात खाच ठेवलेली असते. खाचेजवळ चाक चुकीच्या बाजूस वळू नये म्हणून समोरच्या रुळालगत रक्षकरूळ बसवितात. तो त्याच आसावरील दुसऱ्या चाकाला पाठीमागून धरून ठेवतो.

गाडी जिव्हारुळांच्या टोकांकडून येत असेल, तर तो सांधा तिच्या दृष्टीने ‘सन्मुख’ व छेदभागाकडून येत असेल तर ‘विमुख’ म्हटला जातो. सन्मुख दिशेने जाताना घसरण्याचा संभव अधिक असतो. साध्या डाव्या व उजव्या सांध्यांखेरीज दोन्ही शाखा सारख्या वळणाऱ्या वाय-आकाराचे, दोन्ही शाखा एकाच बाजूस वळणारे वक्र, तीन शाखांचे त्रिमार्गी आणि छेदमार्ग व सांधे यांचा मिलाफ असलेले ‘स्लिप’ सांधे असे प्रकार वापरात आहेत. [⟶ रेल्वे].

प्रमाण व रूळमाप : प्रतिकृतीचे प्रमाण (मूळ वस्तूशी असलेले गुणोत्तर) आणि रूळमाप (दोन रुळांच्या आतील कडांमधील अंतर) या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वेगवेगळ्या प्रमाणांच्या गाड्या एकाच रूळमापावर धावू शकतात. प्रचलित मापे पुढीलप्रमाणे आहेत :

| नाव | रूळमाप (मिमी.) | प्रमाण |
|---|---|---|
| झेड | ६·५ | १ : २२० |
| एन | ९ | १ : १६० (यूरोप, अमेरिका), १ : १४८ (ब्रिटन), १ : १५० (जपान) |
| टीटी | १२ | १ : १२० |
| एचओ | १६·५ | १ : ८७ |
| ओओ | १६·५ | १ : ७६·२ |
| ओ | ३२ | १ : ४३·५ (ब्रिटन), १ : ४५ (यूरोप), १ : ४८ (अमेरिका) |

प्रत्यक्षातील १,४३५ मिमी. रूळमापाचे १ : ८७ या प्रमाणात १६·५ मिमी. होतात, म्हणजे एचओ रूळ प्रमाणशुद्ध आहे. ब्रिटिश एंजिने आकाराने लहान असल्याने त्यांच्या १ : ८७ प्रतिकृतींत त्या काळची विद्युत् चलित्रे मावत नसत. म्हणून गाडीचे प्रमाण वाढवून १ : ७६·२ केले गेले व रूळमाप १६·५ मिमी.च राहिले. या प्रमाणात अचूक रूळमाप १८·८३ मिमी. यावयास हवे. त्या अचूकतेच्या आग्रहातून ब्रिटनमध्ये १८·२ मिमी.चे ‘ईएम’ व १८·८३ मिमी.चे ‘पी-४’ ही मापे पुढे आली. ओओ गाडी एचओ सांध्यावरून धावते, पण ईएम वा पी-४ मापाची चाके त्यावरून जाऊ शकत नाहीत.

मापांचे प्रमाणीकरण : जर्मनीतील मर्क्लिन या कंपनीने १८९१ मध्ये लाइपसिक येथील व्यापारी मेळ्यात क्रमाक्रमाने वाढविता येणारी रेल्वे मांडली. तेव्हापासून ठराविक रूळमापांची कल्पना रुजू लागली. तथापि प्रत्येक उत्पादकाची चाके व सांधे त्याच्या स्वतःच्या मापांची असत. अमेरिकेत १९३५ मध्ये मिलवॉकी येथे स्थापन झालेल्या ‘नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशन’ या संघटनेने चाके व रूळ यांची परस्परसंबद्ध मानके तयार केली आणि ती तपासण्यासाठी धातूचे मापक उपलब्ध केले. यूरोपात १९५४ मध्ये स्थापन झालेल्या ‘मोरोप’ या संघाची ‘एनईएम’ मानके प्रचलित आहेत. ही मानके प्रामुख्याने चाक व रूळ यांच्या संबंधांविषयी असून सांध्याची लांबी, कोन, समांतर मार्गांतील अंतर इ. बाबी उत्पादकांच्या इच्छेवर राहिल्या आहेत. त्यामुळे वेष्टनावर ‘एचओ’ एवढे लिहिलेले असणे हे दोन सांधे एकमेकांशी जुळतील याचे प्रमाण ठरत नाही.

रुळाची उंची : रुळाची उंची ‘कोड’ या संख्येने दाखवितात. ही संख्या म्हणजे इंचाच्या सहस्रांशांत मोजलेली उंची होय. कोड १०० चा रूळ २·५४ मिमी., कोड ८३ चा २·११ मिमी. व कोड ७५ चा १·९ मिमी. उंच असतो. एन मापात कोड ८० (२·०३ मिमी.) व कोड ५५ (१·४ मिमी.) हे रूळ आढळतात. कोड १०० ची उंची ८७ पटींनी वाढविल्यास सु. २२१ मिमी. येते, तर भारतीय रेल्वेच्या ६० किग्रॅ. (दर मीटरला) रुळाची प्रत्यक्ष उंची १७२ मिमी. आहे. म्हणजे कोड १०० चा रूळ दिसावयास बोजड असतो. पण जुन्या खेळण्यांतील खोल कंगोऱ्यांची चाके त्यावरून सहज जातात. कमी उंचीच्या रुळांवर असे कंगोरे रुळाला धरणाऱ्या आतील उंचवट्यांवर व खाचेच्या तळावर आपटतात आणि गाडी खडखडत उड्या मारते.

दोन वेगळ्या कोडांचे रूळ जोडावयाचे झाल्यास वरचा पृष्ठभाग व आतील कड समपातळीत आणणारा संक्रमण तुकडा किंवा पायरीची जोडपट्टी वापरावी लागते. अशी जोडणी सांध्याच्या तोंडाशी न करता काही अंतरावर, सरळ मार्गावर करणे इष्ट असते. केवळ कोडावरून निष्कर्ष काढणेही धोक्याचे असते. उदा., ब्रिटनमधील पेको या उत्पादकाच्या एन मापातील कोड ५५ मालिकेचा रूळ प्रत्यक्षात कोड ८० इतका उंच असून त्याचा खालचा भाग स्लीपरांत बुडविलेला असतो. त्यामुळे तो त्याच उत्पादकाच्या कोड ८० रुळाला जोडता येतो. इतरांच्या खऱ्या कोड ५५ रुळाला तो तसाच जोडता येत नाही. रुळांखाली खडीच्या आकाराचा प्लॅस्टिकचा पाया जोडून येणाऱ्या मालिकांत पायाची उंची व तुकडे अडकविण्याच्या खुंट्याही प्रत्येक उत्पादकाच्या निराळ्या असतात. अशा मालिकांचे मिश्रण शक्यतो टाळावे.

चाक व खाच यांचा मेळ : घसरण्याच्या दोषांचे मूळ बहुधा येथेच असते. प्रत्यक्ष रेल्वेत रक्षकरुळालगतची खाच ४४ ते ४८ मिमी. असते. १ : ८७ प्रमाणात ती सु. अर्धा मिमी. भरेल. परंतु प्रतिकृतींतील कंगोरे प्रमाणापेक्षा जाड असल्याने १६·५ मिमी. मापाच्या तयार सांध्यांत खाच साधारणपणे १·२५ मिमी.च्या आसपास ठेवावी लागते. खाच रुंद, तितके चाक त्यात खाली पडण्याचा संभव अधिक; म्हणून चाकाची धावही रुंद करावी लागते. अमेरिकन मानकातील नेहमीच्या चाकाची रुंदी २·७९ मिमी. असते. अधिक वास्तव दिसणारी २·२४ मिमी. रुंदीची चाकेही मिळतात, पण रुंद खाचेच्या सांध्यावरून जाताना ती हिसका देतात.

या संबंधाचे गणित सोपे आहे. एका आसावरील दोन चाकांच्या पाठींमधील अंतर १४·५ मिमी. व कंगोऱ्याची जाडी ०·७ मिमी. धरल्यास त्यांची बेरीज १५·२ मिमी. होते. रूळमाप १६·५ मिमी. व खाच १·२५ मिमी. असल्यास रक्षकरुळाच्या मार्गदर्शक कडेपासून छेदभागाच्या टोकापर्यंतचे अंतर १५·२५ मिमी. राहते. पहिली संख्या दुसरीपेक्षा लहान असल्याने कंगोरा टोकाला न लागता योग्य बाजूने जातो. चाकांच्या पाठींमधील अंतर १४·८ मिमी. असेल, तर बेरीज १५·५ मिमी. होऊन कंगोरा टोकावर आदळतो व चाक भलत्याच शाखेत शिरते. उलट दोन्ही खाचा वजा केल्यावर मधले अंतर १४ मिमी. उरते. चाकांच्या पाठींमधील अंतर याहून कमी असल्यास आस रक्षकरूळ व छेदभाग यांमध्ये अडकून वर उचलला जातो. जुन्या खेळण्यांतील काही चाके या दुसऱ्या दोषाने नव्या सांध्यांवर अडतात. एकच डबा एका विशिष्ट सांध्यावर वारंवार घसरत असल्यास प्रथम डब्याची चाके मोजावीत. सर्वच डबे तेथे घसरत असल्यास सांधा तपासावा.

कोन, त्रिज्या व अंतर : सांध्याच्या भूमितीचे वर्णन तीन पद्धतींनी केले जाते. ब्रिटिश व यूरोपीय उत्पादक वळत्या शाखेची त्रिज्या व कोन देतात. अमेरिकन पद्धतीत छेदभागाचा क्रमांक देतात. क्रमांक ६ म्हणजे छेदभागापासून ६ एकके पुढे गेल्यावर दोन मार्ग १ एकक दूर होतात. त्याचा कोन सु. ९·५° असतो, क्रमांक ४ चा सु. १४·२५° व क्रमांक ८ चा सु. ७·१५° असतो. भारतीय रेल्वेत हेच ‘१ ला ८·५’, ‘१ ला १२’, ‘१ ला १६’ असे सांगतात. क्रमांक जितका मोठा तितका सांधा लांब व वळण सौम्य असते.

खेळण्यांच्या ठोकळेवजा मालिकांत जागा वाचविणे हा हेतू असल्याने सांधा आखूड व कोन मोठा असतो. हॉर्नबी व पेको यांच्या १६·५ मिमी. मापाच्या ठराविक तुकड्यांच्या मालिकांत नेहमीच्या सांध्याची त्रिज्या ४३८ मिमी., कोन २२·५° व लांबी १६८ मिमी. असते. २२·५° हा वर्तुळाचा सोळावा भाग असल्याने सांध्याची वळती शाखा वर्तुळाच्या एका ठराविक तुकड्याची जागा घेऊ शकते. असे दोन सांधे पाठोपाठ जोडून एका मार्गावरून समांतर मार्गावर जाण्याची वाट केली, तर त्या दोन मार्गांतील अंतर ६७ मिमी. येते. याच मालिकांतील वर्तुळांच्या त्रिज्या ३७१, ४३८ व ५०५ मिमी. अशा ६७ मिमी.च्या फरकाने ठेवल्या आहेत, त्याचे कारण हेच होय.

पेकोच्या ‘स्ट्रीमलाइन’ मालिकेत निराळे तत्त्व आहे. तीत लहान, मध्यम व मोठ्या सांध्यांच्या नाममात्र त्रिज्या अनुक्रमे ६१०, ९१४ व १,५२४ मिमी. आणि लांबी १८५, २१९ व २५८ मिमी. असली, तरी सर्वांचा कोन १२° आहे. म्हणून आकार कोणताही असला, तरी समांतर मार्गांतील अंतर सु. ५१ मिमी.च येते आणि लहान-मोठे सांधे एकाच आराखड्यात वापरता येतात. मात्र १२° हा कोन ठराविक तुकड्यांच्या वर्तुळात बसत नसल्याने उरलेले वळण लवचिक रूळ कापून जुळवावे लागते. मर्क्लिनच्या सी-मार्गात नेहमीच्या सांध्याचा कोन २४·३° व सौम्य सांध्याचा १२·१° आहे. जपानमधील एन मापात काटो या उत्पादकाचे समांतर मार्गांतील अंतर ३३ मिमी., तर टोमिक्सचे ३७ मिमी. आहे. अशा दोन मालिकांतील एकेक सांधा घेऊन केलेली समांतर मार्गांमधील वाट कोणत्याच बाजूस नीट जुळत नाही.

मार्गांतील अंतर केवळ दिसण्यासाठी नसते. भारतीय रेल्वेच्या एलएचबी डब्याची लांबी २३·५४ मी. व दोन बोगींच्या केंद्रांतील अंतर १४·९ मी. आहे. १ : ८७ प्रमाणात ही मापे सु. २७१ व १७१ मिमी. होतात. ४३८ मिमी. त्रिज्येच्या वळणावर अशा डब्याचा मध्यभाग मार्गाच्या आतील बाजूस सु. ८ मिमी. सरकतो व टोके बाहेरील बाजूस सु. १२·५ मिमी. जातात. डब्याची रुंदी ३७ मिमी. असल्याने ५१ मिमी. अंतराच्या मार्गांवर दोन गाड्यांत सरळ भागी सु. १४ मिमी. मोकळी जागा राहते. वळणावर मात्र एका गाडीची टोके व दुसरीचे मध्यभाग मिळून सु. २१ मिमी. जागा व्यापतात आणि डबे एकमेकांना घासतात. ६७ मिमी. अंतर असल्यास ही अडचण येत नाही. यामुळे लहान अंतराचे सांधे सरळ स्थानकांत वापरून तीव्र वळणांवर अंतर वाढवीत नेण्याची पद्धत आहे.

समांतर मार्गावर नेणाऱ्या वाटेत एका वळणानंतर लगेच उलट वळण येते. तेव्हा लगतच्या दोन डब्यांची टोके परस्परविरुद्ध दिशांना सरकतात. वरील डब्यांच्या बाबतीत ४३८ मिमी. त्रिज्येच्या सांध्यांवर हा फरक २५ मिमी.पर्यंत, तर ९१४ मिमी. त्रिज्येवर सु. १२ मिमी.पर्यंत जाऊ शकतो. गाडी मागे ढकलताना याच ठिकाणी डबे रुळावरून बाहेर फेकले जातात. म्हणून लांब डब्यांच्या मुख्य मार्गावर मोठ्या त्रिज्येचे सांधे आणि आखूड वाघिणींच्या माल-आवारात लहान सांधे, अशी विभागणी करणे योग्य ठरते.

वास्तवाशी तुलना केल्यास मोठा प्रतिकृती सांधाही पुष्कळच आखडलेला असतो. भारतीय रुंदमापी मार्गावरील ‘१ ला १२’ सांध्याची त्रिज्या सु. ४४१ मी. व लांबी सु. ४० मी. असते. १ : ८७ प्रमाणात ही अनुक्रमे ५ मी.हून थोडी अधिक व ४६ सेंमी. होते. उलट ४३८ मिमी. त्रिज्येचा सांधा पूर्णाकारात ३८ मी. त्रिज्येचा होईल, अशा वळणावरून मुख्य मार्गावरील कोणतीही गाडी जाऊ शकणार नाही.

विद्युत् सुसंगतता : दोन रुळांच्या पद्धतीत एक रूळ धन व दुसरा ऋण असतो. छेदभागात या दोन विरुद्ध ध्रुवांचे रूळ एकत्र येत असल्याने तेथे काही विद्युत् निरोधन करावेच लागते. यासाठी दोन प्रकार प्रचलित आहेत. पहिल्यात छेदभाग प्लॅस्टिकचा किंवा सर्व बाजूंनी निरोधित असतो. असा सांधा कोणत्याही तारजोडणीशिवाय बसविता येतो. परंतु त्या निर्जीव भागावरून जाताना चार चाकांचे लहान एंजिन मंद वेगात थांबते. दुसऱ्या प्रकारात छेदभाग धातूचा असून जिव्हारूळ ज्या बाजूस वळविले असतील त्यानुसार त्याची ध्रुवता बदलते. यावरून लहान एंजिनेही संथपणे जातात; मात्र छेदभागातून पुढे जाणाऱ्या दोन्ही आतील रुळांना निरोधक जोडपट्ट्या घालणे व विद्युत् पुरवठा सांध्याच्या जिव्हारुळांकडील बाजूने देणे आवश्यक असते. ही काळजी न घेतल्यास पलीकडून येणारा प्रवाह विरुद्ध ध्रुवाशी भिडून मंडल संक्षिप्त होते. अलीकडील काही सांध्यांत छेदभागाचे टोक स्वतंत्र धातूचे व निरोधित ठेवून त्यास हवी असल्यास वेगळी तार जोडण्याची सोय असते.

जिव्हारूळ व मूळ रूळ यांच्या स्पर्शावरच प्रवाह अवलंबून असल्यास धूळ व गंज यांमुळे तो कालांतराने अनियमित होतो. म्हणून जोडदांडीबरोबर हलणाऱ्या लहान स्विचाने छेदभागाची ध्रुवता बदलणे अधिक भरवशाचे असते. काही सांधे वळविलेल्या शाखेलाच प्रवाह पुरवितात. साध्या एकदिश प्रवाहाच्या नियंत्रणात हा गुण उपयोगी ठरतो. बाजूच्या मार्गावरील एंजिन त्यामुळे आपोआप थांबून राहते. परंतु सर्व रुळांना सतत प्रवाह आवश्यक असणाऱ्या अंकीय नियंत्रणात तीच गोष्ट गैरसोयीची होते व प्रत्येक शाखेला स्वतंत्र तार द्यावी लागते. अंकीय पद्धतीची मानके अमेरिकन संघटनेने १९९०–२००० या दशकात स्वीकारली. या पद्धतीत क्षणिक संक्षिप्त मंडलानेही संरक्षक यंत्रणा त्या विभागाचा प्रवाह तोडते व त्यावरील सर्व गाड्या थांबतात. उघड्या जिव्हारुळाला चाकाची पाठ लागून होणारा जो स्पर्श जुन्या पद्धतीत लक्षातही येत नसे, तो येथे दोष ठरतो. म्हणून अंकीय नियंत्रणासाठी प्रत्येक जिव्हारूळ त्याच्या लगतच्या मूळ रुळाच्याच ध्रुवतेचा असलेला सांधा श्रेयस्कर होय.

मर्क्लिनच्या एचओ पद्धतीत दोन्ही रूळ एकाच ध्रुवाचे असून दुसरा ध्रुव स्लीपरांच्या मध्यावरील धातूच्या बिंदूंच्या ओळीतून मिळतो. त्यामुळे छेदभागात ध्रुवतेचा प्रश्न उद्‌भवत नाही आणि मार्ग फिरून स्वतःलाच मिळाला, तरी मंडल संक्षिप्त होत नाही. परंतु या पद्धतीतील डब्यांची चाके निरोधित नसल्याने ती दोन रुळांच्या मार्गावर ठेवताच मंडल संक्षिप्त होते. रूळमाप एकच असूनही या दोन पद्धतींचे सांधे व गाड्या परस्परांत बदलता येत नाहीत, हे विद्युत् विसंगतीचे ठळक उदाहरण होय.

चालक यंत्रणा : सांधा हाताने, विद्युत् चुंबकीय वेटोळ्यांनी किंवा मंदगती चलित्राने फिरविता येतो. वेटोळ्यांची यंत्रणा स्वस्त असून तिला क्षणभरच प्रवाह द्यावयाचा असतो. कळ दाबून धरल्यास वेटोळे जळते. म्हणून साठविलेला विद्युत् भार एकदम सोडणारे धारित्र मंडल वापरतात. त्यामुळे झटका जोरदार मिळतो व वेटोळेही सुरक्षित राहते. मंदगती चलित्र जिव्हारूळ हळूहळू सरकविते आणि अखेरच्या स्थितीतही अल्प प्रवाहाने ते दाबून धरते. जोडदांडीला दोन टोकांवर खटका देणारी कमान बसविलेल्या सांध्यांना वेटोळ्यांची यंत्रणा योग्य असते. त्यांना मंदगती चलित्र जोडावयाचे असल्यास पुष्कळदा ही कमान काढावी लागते; उलट कमान नसलेल्या सांध्यावर वेटोळ्यांची यंत्रणा बसविल्यास जिव्हारूळ सैल राहण्याचा संभव असतो. खालून बसविण्याच्या यंत्रणेसाठी फळीला छिद्र व खाली पुरेशी जागा लागते. म्हणून तिचा निर्णय रूळ बसविण्यापूर्वीच घ्यावा.

निवडीचा क्रम : प्रथम रूळमाप व सर्वांत लांब डबा निश्चित करावा; त्यावरून किमान त्रिज्या ठरते. त्यानंतर जवळच्या गाड्यांची चाके मोजून रुळाचा कोड व सांध्याची मालिका निवडावी आणि शक्य असल्यास दृश्य भागातील सर्व सांधे एकाच मालिकेतून घ्यावेत. मग नियंत्रणाची पद्धत व छेदभागाचा प्रकार आणि अखेरीस चालक यंत्रणा ठरवावी. उत्पादक आपल्या सांध्यांचे पूर्णाकार छापील नमुने उपलब्ध करतात. ते कागद फळीवर मांडून आराखडा तपासणे सर्वांत कमी खर्चाचे असते. सांधा पक्का बसविण्यापूर्वी सपाट फळीवर ठेवून सर्वांत लांब डबा, सर्वांत लहान एंजिन व सर्वांत जुनी वाघीण दोन्ही शाखांतून, पुढे व मागे, ढकलून पाहावी. या तिन्ही वाहनांना चालणारा सांधा इतरांनाही बहुधा चालतो. रुळाची धातूही पाहावी. पितळी रुळावर विद्युत् संवहनास अडथळा करणारा थर बसतो व पोलादी रूळ कोकणासारख्या दमट हवेत लवकर गंजतो. म्हणून जर्मन सिल्व्हर (तांबे, जस्त व निकेल यांची मिश्रधातू) हे रुळांसाठी सर्वसाधारणपणे पसंत केले जाते.

भारतीय मार्गांच्या प्रतिकृती : १६ एप्रिल १८५३ रोजी मुंबई–ठाणे मार्गावर पहिली प्रवासी गाडी धावली, तेव्हापासून भारतातील मुख्य मार्ग १,६७६ मिमी. रुंदमापाचे आहेत. हे माप १ : ८७ प्रमाणात १९·३ मिमी. व १ : ७६·२ प्रमाणात २२ मिमी. होते. या मापांचे सांधे परदेशी उत्पादकांच्या नेहमीच्या मालिकांत नसतात. त्यामुळे भारतीय रुंदमापी गाडीची प्रतिकृती १६·५ मिमी. रुळावर चालवून अरुंद दिसण्याचा दोष पत्करणे किंवा रूळ कापून, घासून व डाखून सांधे स्वतः तयार करणे, असे दोन मार्ग उरतात. दुसऱ्या मार्गात प्रत्येक वाहनाचे आसही बदलावे लागतात. म्हणून प्रारंभी एकच सांधा व एकच डबा तयार करून खाच व चाक यांचा मेळ सिद्ध करणे हिताचे ठरते. १ : ८७ प्रमाणात मीटरमापी मार्गाचे ११·५ मिमी. होत असल्याने त्यास १२ मिमी.चा, तर ७६२ मिमी. अरुंदमापी मार्गास (८·८ मिमी.) ९ मिमी.चा रूळ जवळचा आहे. नेरळ–माथेरान मार्गाचे ६१० मिमी. माप मात्र ७ मिमी. होते व त्याला ६·५ मिमी.चा रूळ अधिक जवळचा ठरतो. एन मापाचे ९ मिमी.चे सांधे अरुंदमापी प्रतिकृतीस वापरल्यास त्यांचे बारीक व दाट स्लीपर विजोड दिसतात. त्याऐवजी अरुंदमापी प्रतिकृतींसाठीच तयार केलेले, मोठ्या व विरळ स्लीपरांचे सांधे घ्यावेत. महाराष्ट्रात पुणे येथे भाऊ जोशी यांनी उभारलेल्या लघुरेल्वे संग्रहालयात चालत्या प्रतिकृती रेल्वेची मांडणी पाहावयास मिळते.